खिशातली चिठ्ठी
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर थांबते, तेव्हा चढणाऱ्यांत एकटे निघालेले बरेच जण असतात. कुणी परीक्षेसाठी पुण्याला, कुणी नोकरीसाठी, तर कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी. पोहोचवायला आलेले विचारतात, 'तिकीट घेतलं ना? डबा घेतला ना?' एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही : वाटेत शुद्ध हरपली, तर तुझ्याविषयी कोण सांगेल?

एकट्या प्रवासातली खरी अडचण हीच आहे. दुखणे घरीही येते; पण घरी 'यांना शुगर आहे' असे सांगणारे माणूस जवळ असते. मधुमेही प्रवाशाने इन्सुलिन घेतले आणि काही कारणाने जेवण राहिले, तर रक्तातली साखर उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. शेजारच्यांना वाटते, हा प्यायलेला आहे. ते दूर सरकतात. शुद्ध असेपर्यंत तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली असती, तर जो सावरला असता, तो त्या गैरसमजात बेशुद्ध होतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्णही बरेच आहेत. शरीरातले पाणी कमी झाले, गारठा बाधला, दगदग झाली, की त्यांना असह्य वेदना सुरू होऊ शकतात. एकटीने प्रवास करणाऱ्या कितीतरी बायका गाडीतल्या अस्वच्छ संडासात जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत हे कुणालाही वाईट. सिकलसेलच्या रुग्णाला तर धोक्याचेच. तिने पाणी घोट घोट पीत राहावे, वातानुकूलित डब्यात शाल जवळ ठेवावी आणि सिकलसेलचे कार्ड घरच्या कपाटात न ठेवता सोबत घ्यावे.

आता चिठ्ठीविषयी. पोस्टकार्डाएवढा कागद पुरे. त्यावर ठळक अक्षरांत नाव, वय, आजार, चालू औषधांची नावे व मात्रा, कोणते औषध सोसत नाही ते, आणि घरच्या दोघांचे फोन नंबर लिहा. मोबाइलमध्ये सगळे आहे, असे म्हणू नका. मोबाइलला कुलूप असते, बॅटरी संपते. कागद उघडायला पासवर्ड लागत नाही. एक प्रत खिशात किंवा पर्समध्ये, दुसरी औषधांच्या पिशवीत ठेवा.

ती पिशवी बर्थखालच्या मोठ्या बॅगेत नको, हाताशी हवी. दोन-तीन दिवस जास्तीची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, ओआरएसची पुडी, थोडी साखर किंवा ग्लुकोज एवढे तिच्यात असू द्या. इन्सुलिन खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

गाडीत त्रास वाटू लागला, तर 'पुढच्या स्टेशनावर बघू' म्हणून गप्प बसू नका. तिकीट तपासनीसाला सांगा किंवा रेल्वेच्या 139 या क्रमांकावर फोन करा. गाडीचा नंबर, डबा आणि बर्थ सांगितला, की पुढच्या स्टेशनावर मदत मागवता येते. रस्त्याने जात असाल, तर आपल्या राज्यात 2014 पासून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. 112 हा क्रमांकही लक्षात ठेवा.

आणि श्रोतेहो, कधी आपल्या समोरच्या बाकावरचा माणूस बरळू लागला, तर नाक मुरडण्याआधी त्याला एकदा विचारा, 'भाऊ, शुगर आहे का?' उत्तर आले नाही, तर चार जणांसमोर त्याचा खिसा पाहा. कदाचित तिथे चिठ्ठी असेल. ती वाचणारे कुणी भेटले, तरच ती लिहिल्याचा उपयोग.