शिक्षेआधीची शिक्षा



कारागृह म्हटले की सिद्ध झालेला अपराध आणि त्याची शिक्षा असेच चित्र डोळ्यांपुढे येते. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि बंदी होते ५,७३,२२०. त्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नाही, अशांनीच जवळजवळ सारी जागा व्यापली होती. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात तर क्षमतेच्या कित्येक पट माणसे वर्षानुवर्षे दाटीवाटीने राहत आली आहेत.

यावर नव्या बराकी बांधणे हाच उपाय, असे सहज वाटते. पण गर्दीचे मूळ भिंतींत नाही. न्यायालय जामीन मंजूर करते. परंतु ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार परप्रांतातून पोटासाठी आलेल्या मजुराने आणावा कोठून? धनिक त्याच दिवशी घरी जातो, निर्धन आतच राहतो. दोघांवरील कलम एक, मात्र भोग वेगळे! त्यातच कधी बंदोबस्ताला पोलीस नाहीत, कधी साक्षीदार आलेला नाही, म्हणून पुढची तारीख पडते.

हा प्रश्न नवा नाही. बिहारमधील कच्च्या कैद्यांविषयी वृत्तपत्रात आलेल्या लेखांवरून अधिवक्त्या कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. आरोपाला जितकी कमाल शिक्षा होऊ शकते, त्याहून अधिक काळ काही जण खटल्याविनाच बंदिस्त असल्याचे उघड झाले. १९७९ च्या हुसैनारा खातून खटल्यात न्या. भगवती यांनी शीघ्र न्याय हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचाच भाग ठरविला.

त्यानंतर कायदाही बदलला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार कमाल शिक्षेचा निम्मा काळ, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याने एक-तृतीयांश काळ बंदिवासात काढला असेल, तर त्याच्या सुटकेचा मार्ग मोकळा होतो. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांना ही सवलत नाही. न्यायालयाकडे अर्ज करण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकावर आहे. निर्धन कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी साहाय्य देणारी केंद्राची योजनाही २०२३ मध्ये आली.

‘मग गुन्हेगारांना मोकाट सोडावयाचे काय?’ असा प्रश्न कोणी विचारील. तसे मुळीच नाही. खटला रेंगाळला की साक्षीदार विसरतात, पुरावे विरतात आणि खरा अपराधीही सुटतो. विलंब पीडिताचाही शत्रूच आहे.

उणीव आहे ती कायदा आणि कोठडी यांमधील दुव्याची. वस्तीतला एखादा मुलगा आत असेल, तर त्याच्या आईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापर्यंत नेणे, विनामूल्य वकील मिळवून देणे, आवश्यक कागद जमविणे, ही कामे कोणाही सुजाण नागरिकाला करता येतील. निर्दोष ठरून परतलेल्याला त्याची गेलेली वर्षे कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही. म्हणून हे साहाय्य वेळेवर पोहोचले पाहिजे.