तीन मुलांची शाळा

 

फौजेतला माणूस म्हटला की लोकांना सरहद्दीच्या गोष्टी हव्या असतात. आज मी एका शाळेविषयी बोलणार आहे. पुणे जिल्ह्यात, खेड तालुक्यात, जालिंदरनगर नावाची वस्ती आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या पटावर २०२२ साली मुलं होती फक्त तीन. कुलूप लागायचंच बाकी होतं.

ही पाळी खेड्यातल्या अनेक शाळांवर येते. दोन-चार घरं मुलांना बसने दूरच्या इंग्रजी शाळेत पाठवतात. पट घटतो. पट घटला की शिक्षक कमी होतो, आणि मग उरलेलेही जातात. मागे राहतात ती ज्यांना बसचं भाडं परवडत नाही त्यांची मुलं.

शाळा गावापर्यंत यायला किती काळ लागला, बघा. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला १९१७ साली. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या १९६२ मध्ये आणि खेड्यातल्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. शिक्षणहक्क कायदा लागू झाला २०१० मध्ये. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, असं त्याचे नियम सांगतात.

आता कोणी म्हणेल, तीन मुलांसाठी शाळा कशाला? मोठ्या शाळेत घाला, सोबती मिळतील, खर्च वाचेल. मुद्दा खोटा नाही. पण वाटेत ओढा आला, पावसाळा आला, की आधी मुलीचं दप्तर खुंटीला लागतं. फौजेत एखादी चौकी मूठभर जवान सांभाळतात. माणसं थोडी आहेत म्हणून ती कोणी उठवत नाही. तिथून किती मुलूख राखला जातो, ते बघतात.

जालिंदरनगरला दत्तात्रय वारे गुरुजी आले. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा त्यांनी आधी नावारूपाला आणली होती. इथे गाव त्यांच्यामागे उभं राहिलं. वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एकमेकांना शिकवू लागली. त्याला ते ‘विषयमित्र’ म्हणतात. मला तर आमची ‘बडी’ जोडीच आठवली. फौजेत दोन जवान एकमेकांना सांभाळतात, तसंच हे. तीनच वर्षांत पट शंभराच्या वर गेला, आणि २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार या शाळेला मिळाला.

प्रत्येक गावाला वारे गुरुजी मिळणार नाहीत, हे मलाही कळतं. पण प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. बऱ्याच ठिकाणी ही समिती सह्यांपुरतीच उरते. ती जागी झाली, तर साधा शिक्षकही मोठं काम करून जातो, कारण त्याला पाठीशी कोणी आहे हे दिसतं.

तुमच्यापैकी अनेकजण अशाच एखाद्या शाळेतून शिकून परमुलखात स्थिरावलात. यंदा जत्रेला गावी जाल तेव्हा देवळाबरोबर शाळेतही जा. पट किती आहे, विचारा. समितीची बैठक कधी झाली, विचारा. देणगी नंतर द्या, आधी चौकशी करा. शाळेची कोणी विचारपूस करतंय, एवढं गावाला कळलं तरी पुष्कळ फरक पडतो.

जय हिंद!