शेवटच्या पानावरच्या तारखा



ग्रंथालयात पुस्तक निवडणाऱ्या वाचकाकडे कधीतरी थोडे दुरून पाहावे. तो कपाटातून पुस्तक काढतो, नाव वाचतो, लेखक कोण ते पाहतो, आणि मग पहिले पान न उघडता सरळ शेवटचे उघडतो. रहस्यकथेचा उलगडा आधीच पाहून घ्यावा, असा त्याचा हेतू नसतो. शेवटच्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर शिक्क्यांची दाटी असेल, एका चिठ्ठीवर दुसरी डकवावी लागली असेल, तर पुस्तक त्याच्या काखेत जाते. दहा वर्षांत तीनच शिक्के पडलेले दिसले, तर ते निमूटपणे कपाटात परत जाते. मजकुराची एक ओळही न वाचता निर्णय झालेला असतो.

काही वाचक समासात पेन्सिलीने ‘अप्रतिम’ किंवा ‘भिकार’ असे शेरे मारून ठेवतात आणि ग्रंथपालाचा रोष ओढवून घेतात. तो शेरा कितीही उथळ असला, तरी निदान एका माणसाने पुस्तक चाळून दिलेला असतो. तारखेचा शिक्का मात्र एवढेच सांगतो, की हे पुस्तक कोणीतरी घरी नेले होते. ते वाचले गेले की पंधरा दिवस टेबलावर पडून राहिले, आवडले की कंटाळा आला, याविषयी शिक्का मुका असतो. शिवाय त्या आधीच्या वाचकानेही आणखी आधीच्या तारखा पाहूनच ते नेले नसेल कशावरून?

दुसऱ्यांचे मत आधी कळले, तर माणसाचा निर्णय बदलतो का, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. त्याचे ढोबळ उत्तर सर्वांना ठाऊक आहे; ‘गतानुगतिक’ हा शब्द काही मराठीत उगाच रुळला नाही. विचार करण्याजोगे आहे ते पुढचे: निर्णय कशाने बदलतो, कितपत बदलतो, आणि त्यात नुकसान होते ते कोणाचे?

हितोपदेशातील बकऱ्याची गोष्ट लहानपणी सर्वांनीच ऐकलेली असते. यज्ञासाठी विकत घेतलेला बकरा खांद्यावर टाकून ब्राह्मण गावाकडे निघतो, आणि वाटेवर तीन ठक अंतराअंतरावर झाडांखाली बसलेले असतात. पहिला म्हणतो, ‘महाराज, हे कुत्रे खांद्यावर कशाला?’ ब्राह्मण त्याला उडवून लावतो. दुसराही तेच म्हणतो, तेव्हा तो बकरा खाली ठेवून नीट निरखून पाहतो, पुन्हा खांद्यावर घेतो. पण आता मन हेलकावे खाऊ लागलेले असते. तिसऱ्याने तेच म्हटल्यावर तो बकरा टाकतो, स्नान करतो आणि रिकाम्या हाताने घरी जातो.

ही गोष्ट सांगितली जाते ती ब्राह्मणाच्या भोळेपणाची म्हणून. वास्तविक तिच्यातले दोन तपशील अधिक मोलाचे आहेत. एक, ब्राह्मणाने बकरा खरोखर निरखून पाहिला होता. डोळ्यांनी त्याला दगा दिला नाही. डोळ्यांवरचा त्याचा विश्वास उडाला. दुसरा तपशील ठकांच्या धूर्तपणाचा. तिघे एकाच झाडाखाली बसून एकदम बोलले असते, तर कट उघड झाला असता. ते वेगवेगळे बसले, एकमेकांना अनोळखी असल्यासारखे बोलले, म्हणून एकाच मताची तीन मते झाली. ब्राह्मणाने मते मोजली. ती कोठून निघाली हे त्याने तपासले नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने जवळजवळ हीच गोष्ट प्रयोगशाळेत घडवून आणली. त्याचे निष्कर्ष १९५१ पासून पुढील काही वर्षांत प्रसिद्ध झाले. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर कमीअधिक लांबीच्या तीन. पहिलीच्या बरोबरीची कोणती, एवढाच प्रश्न. एकट्याने उत्तर द्यायचे असले, तर शंभरात एखादीही चूक होत नसे, इतका तो सोपा. मात्र खोलीत सात-आठ तरुण बसवलेले असत, आणि त्यांपैकी एक सोडून बाकी सर्व अ‍ॅशने आधी पढवून ठेवलेले. ते ठरलेल्या वेळी एकामागून एक, अगदी शांतपणे, तेच चुकीचे उत्तर मोठ्याने देत. खऱ्या परीक्षार्थीची पाळी शेवटी किंवा शेवटच्या आसपास येई. अशा प्रसंगी दिल्या गेलेल्या उत्तरांपैकी ३६.८ टक्के उत्तरे त्या चुकीच्या बहुमताप्रमाणे झाली.

बहुमत किती मोठे असावे लागते, हेही अ‍ॅशने पाहिले. समोर एकच माणूस चुकीचे बोलणारा असेल, तर परिणाम नगण्य. दोन असतील, तर चुकांचे प्रमाण १३.६ टक्के. तीन झाले की ते एकदम ३१.८ टक्क्यांवर जाते, आणि त्यापुढे माणसे वाढवूनही फारशी भर पडत नाही. हितोपदेशकाराने ठक तीनच का ठेवले असतील, हा प्रश्न येथे सुचल्यावाचून राहत नाही.

नंतर विचारपूस केली तेव्हा कोणी म्हणाला, आपलीच नजर चुकत असावी असे वाटले. कोणी म्हणाला, खरे दिसत होते, पण सर्वांमध्ये विसंगत बोलून प्रयोग बिघडवायचा नव्हता. पहिल्याची निर्णयशक्ती डळमळली, दुसऱ्याची फक्त जीभ. बाहेरून मात्र दोघांचे उत्तर सारखेच दिसले.

हा प्रयोग सांगताना माणूस म्हणजे मेंढरू, असा निष्कर्ष काढण्याची पद्धत पडली आहे. ती अ‍ॅशवर अन्याय करणारी आहे. सुमारे एक चतुर्थांश परीक्षार्थी एकदाही वाकले नाहीत, आणि एकंदरीत दोनतृतीयांशाच्या आसपास उत्तरे सगळी खोली विरोधात असताना बरोबर आली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या खोलीत खरे बोलणारा दुसरा एकच माणूस बसवला, की चुका एक चतुर्थांशावर येत. व्याख्यानांतून आणि पाठ्यपुस्तकांतून हा भाग सहसा गळतो.

अ‍ॅशच्या खोलीत संकोच होता, चारचौघांची भीड होती. पण भीडच नसेल तर? समजा, शंभर माणसे एकेक करून, आपापल्या बुद्धीने आणि आपल्याच फायद्यासाठी निर्णय घेत आहेत. मग तरी प्रत्येकाचे स्वतःचे ज्ञान निर्णयात उतरेल की नाही? या प्रश्नाचे उत्तर अभिजित विनायक बॅनर्जी यांनी १९९२ च्या एका शोधनिबंधात दिले. मुंबईत जन्मलेले आणि मातेकडून मराठी असलेले हे अर्थशास्त्रज्ञ पुढे २०१९ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले, म्हणून त्यांचे नाव सर्वांना परिचित आहे. त्यांचा तो निबंध मात्र तितकासा नाही.

त्यांनी घेतलेले उदाहरण अगदी घरगुती आहे. शेजारीशेजारी दोन खानावळी. पहिली केसभर बरी असावी, असा लोकांचा सर्वसाधारण समज. जेवायला येणार आहेत शंभर जण. त्यांपैकी नव्याण्णवांना खासगीरीत्या कळले आहे की दुसरी चांगली. एकालाच कळले आहे की पहिली चांगली. योगायोग असा, की तो एकटा सर्वांत आधी येतो आणि अर्थातच पहिल्या खानावळीत शिरतो. दुसरा माणूस येतो. पहिल्या खानावळीत कोणीतरी बसलेले त्याला दिसते. तो मनाशी हिशेब करतो: ‘या गृहस्थाने पहिलीविषयी काही चांगले ऐकले असणार. मी दुसरीविषयी ऐकले आहे. दोन्ही ऐकीव गोष्टींचे वजन सारखेच, तेव्हा त्या एकमेकींना छेदतात. उरला सर्वसाधारण समज. तो पहिलीच्या बाजूने आहे.’ तोही पहिलीत जातो. त्याच्या जाण्यातून तिसऱ्याला नवे काहीच कळत नाही, कारण काहीही ऐकलेले असते तरी तो तेथेच गेला असता. तिसरा त्याच हिशेबाने पहिलीत जातो, चौथाही जातो. शेवटी शंभरच्या शंभर पहिल्या खानावळीत दाटीवाटीने जेवतात, आणि दुसरीचा मालक रिकाम्या पाटांकडे पाहत बसतो.

या शंभरांत कोणी मूर्ख नाही, कोणी भित्राही नाही. प्रत्येकाचा तर्क निर्दोष आहे. तरीही नव्याण्णव जणांना जे ठाऊक होते, ते त्यांच्या मनातच राहिले. दुसऱ्याचे पाहून निर्णय घेणारा स्वतः फारसा फसत नाही. क्वचित त्याचा लाभही होतो. परंतु त्याच्याजवळ जी वेगळी माहिती होती, ती त्याने समाजाच्या शिदोरीत टाकलेली नसते. नुकसान होते ते त्याच्यामागून येणाऱ्यांचे.

ग्रंथालयाशी याहून जवळचा संबंध असलेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी इंटरनेटवर अप्रसिद्ध गायकवृंदांची ४८ गाणी ठेवली. १४,३४१ माणसे त्यांत सहभागी झाली. काहींना नुसती गाण्यांची आणि वृंदांची नावे दिसत. बाकीच्यांचे आठ गट केले होते, आणि प्रत्येक गटात, कोणते गाणे आपल्या गटातील किती जणांनी उतरवून घेतले, हा आकडा शेजारी दिसे. जणू आठ गावांत आठ ग्रंथालये, पुस्तके तीच, आणि सर्व चिठ्ठ्या सुरुवातीला कोऱ्या.

आठही गटांत लोकप्रिय गाणी अधिक लोकप्रिय झाली आणि मागे पडलेली अधिक मागे पडली. हे अपेक्षितच होते. आश्चर्य असे, की कोणती पुढे जातील हे दर गटात निराळे ठरले. आकडे न पाहणाऱ्यांनी साधारण मधल्या पायरीवर ठेवलेले एक गाणे एका गटात पहिले आले, तर दुसऱ्या गटात चाळिसावे. फार चांगली गाणी क्वचितच तळाशी गेली आणि फार वाईट क्वचितच वर आली, हेही नमूद केले पाहिजे. गुणाला अगदीच किंमत नाही, असे नव्हे. पण मधल्या विस्तीर्ण पट्ट्यात काहीही घडू शकत होते. आणि कोणत्याही ग्रंथालयाची बहुतेक कपाटे या मधल्या पट्ट्यानेच भरलेली असतात.

मग मत विचारायचेच नाही काय? तसे मुळीच नाही. १९०६ साली इंग्लंडातील प्लिमथ येथे गुरांच्या प्रदर्शनात एका बैलाचे, कापून साफ केल्यावर, वजन किती भरेल याची पैज लागली होती. प्रत्येकाने आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून द्यायचा होता. फ्रान्सिस गाल्टन यांनी पुढे त्या चिठ्ठ्या मिळवल्या. वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्यांचा मध्यांक निघाला १,२०७ पौंड. खरे वजन भरले १,१९८ पौंड. अनेकांचे शहाणपण असे असते, पण ते वेगवेगळे लिहिलेले असावे लागते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झुरिच येथील प्रयोगात १४४ विद्यार्थ्यांना इतरांचे अंदाज दाखवून आपला अंदाज सुधारण्याची संधी दिली. अंदाज एकमेकांजवळ आले, सत्याजवळ मात्र आले नाहीत. आणि विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास तेवढा वाढला.

जुन्या संस्थांनी हे प्रयोगशाळांच्या फार पूर्वी ओळखलेले दिसते. लष्करी न्यायालयात मतदान सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून सुरू करण्याची प्रथा आहे. वरिष्ठ आधी बोलला, तर कनिष्ठाचे मत उरतच नाही. प्राचीन ज्यू न्यायसभेत देहदंडाच्या खटल्यांपुरता हाच नियम होता. ब्रिटनमध्ये १८७२ पर्यंत मतदार आपले मत उघडपणे सांगे. त्या वर्षी गुप्त मतदान आले. आपल्याकडे निवडणूक अनेक टप्प्यांत झाली, तरी मोजणी अखेरीस एकदमच होते, आणि शेवटचा टप्पा संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे. विद्यापीठात एखादी उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडे जाते, तेव्हा पहिल्याचे गुण झाकण्याची पद्धत असते. ते झाकले नाहीत, तर दुसरा परीक्षक कितीही निःस्पृह असो, दोनचार गुणांपलीकडे सहसा सरकत नाही, हे अध्यापकवर्गास चांगले ठाऊक आहे.

आता पुन्हा शेवटच्या पानाकडे वळू. महाराष्ट्राबाहेरच्या जुन्या मराठी ग्रंथालयांत तारखांच्या चिठ्ठीला आज एक निराळेच महत्त्व आले आहे. जागा अपुरी, वाळवीची भीती कायमची, वर्गणीदार थोडे. कोणती पुस्तके बाद करावीत, असा प्रश्न कार्यकारिणीपुढे येतो, आणि सर्वांत सोपी कसोटी म्हणून ही चिठ्ठी पुढे केली जाते: इतक्या वर्षांत कोणी नेलेले नाही, सबब काढून टाकावे. ग्रंथालयाचे संगणकीकरण झाले असेल, तर अशी यादी काही क्षणांत छापून मिळते. तिच्यातील आकडे खरे असतात, म्हणून त्यांवर कोणी आक्षेपही घेत नाही.

पण कोरी चिठ्ठी कशाची साक्ष आहे? पुस्तक पन्नास जणांनी वाचून नाकारले, असे ती सांगत नाही. पहिल्या वर्षी कोणी नेले नाही, म्हणून दुसऱ्या वर्षीही कोणी नेले नाही, एवढीच कथा त्यामागे असू शकते. इंदूर, बडोदे किंवा बेळगाव येथील ग्रंथालयाच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. ज्या घरांतून त्या पुस्तकाला वाचक मिळायचे, त्या घरांतली मुले दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत गेली. हा पुस्तकावरचा अभिप्राय नव्हे. पुण्यामुंबईत बाद झालेल्या पुस्तकाची दुसरी प्रत त्याच शहरात सापडू शकते. येथे बाद झालेली प्रत कदाचित त्या गावातली एकमेव असते.

तेव्हा बाद करावयाच्या पुस्तकांची यादी समितीपुढे येईल, तेव्हा तिच्यातील आकड्यांचा रकाना आधी झाकावा. प्रत्येक सभासदाने आपल्या वाट्याची पुस्तके घरी न्यावीत, चार पाने का होईना वाचावीत आणि आपले मत कागदावर लिहून बंद पाकिटात द्यावे. पाकिटे फोडल्यावर सर्वांत नव्या सभासदाने आधी बोलावे, अध्यक्षांनी शेवटी. रकाना त्यानंतर उघडावा. समितीच्या बैठका याने लांबतील, आणि चहाचा खर्च वाढेल, यात शंका नाही. मात्र त्या पुस्तकांच्या चिठ्ठीवर, काही नाही तरी, परतीची एक नवी तारीख पडलेली असेल.