कागद परक्याचा, जमीन कुळाची
(मीरा-भाईंदर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पॅलेस्टाईनच्या प्रश्नाची ओळख मीरा-भाईंदरच्या जमिनीपासूनच करून देता येते. १८७० साली इंग्रज सरकारने मीरा, भाईंदर, घोडबंदर परिसरातील जमिनी रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या कराराने दिल्या. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून त्यांनी बांध राखावेत आणि मोबदल्यात शेतकऱ्यांकडून उत्पन्नाचा वाटा घ्यावा, अशी ती व्यवस्था होती. जमीन कसणाऱ्याला कोणी विचारले नाही. त्या कागदातून उद्भवलेले वाद स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके मिटले नाहीत.

२ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचे राष्ट्रीय निवासस्थान उभारण्यास पाठिंबा देणारे पत्र लिहिले. मुलूख तुर्कांच्या साम्राज्यातला, रहिवासी बहुसंख्य अरब आणि वचन देणारे लंडनचे! पुढे १९२० च्या दशकात बैरूतच्या सुर्सोक घराण्याने मर्ज इब्न आमिर खोऱ्यातील विस्तीर्ण जमिनी ज्यू संस्थांना विकल्या. व्यवहार कायदेशीर होता. पण खरेदीखत झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या राबलेली कुळे उठवली गेली. खोतीविरुद्ध लढलेल्या कोकणाला ही कहाणी अपरिचित नाही.

१९४७ साली संयुक्त राष्ट्रांनी फाळणीचा ठराव केला. लोकसंख्येत सुमारे एक-तृतीयांश असलेल्या ज्यूंना निम्म्याहून अधिक भूमी देऊ करणाऱ्या त्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. त्यानंतरच्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले.

येथे समाजवाद्यांनी आपलेही माप पदरात घेतले पाहिजे. किब्बुत्झच्या सहकारी शेतीने भारतीय समाजवाद्यांना भुरळ घातली होती. नोव्हेंबर १९५६ मध्ये आशियाई समाजवादी परिषदेचे दुसरे अधिवेशन मुंबईत भरले; इस्रायलचा सत्ताधारी मापाय पक्ष या परिषदेचा सदस्य होता आणि त्याच सुमारास इस्रायल, ब्रिटन व फ्रान्स यांच्या फौजा इजिप्तवर चालून गेल्या होत्या. ही सहकारी शेती ज्या जमिनीवर उभी आहे ती आधी कोण कसत होते, हा समाजवाद्याला पहिला सुचावा असा प्रश्न पुरेशा मोठ्याने विचारला गेला नाही.

याचा अर्थ ज्यूंचे दुःख खोटे, असा नव्हे. युरोपने त्यांचा संहार केला. कोकणात मात्र बेने इस्रायली शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत निर्धास्त राहिले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या निरपराधांच्या हत्येचेही समर्थन होऊ शकत नाही. परंतु युरोपच्या पापाचे प्रायश्चित्त पॅलेस्टिनी कुळाने का घ्यावे?

‘तंटा त्या दोघांचा, परक्यांनी पडू नये,’ असा एक शहाजोग सल्ला दिला जातो. परके बाहेर आहेतच कुठे? २०१६ च्या करारानुसार अमेरिकेने इस्रायलला दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलरची लष्करी मदत देऊ केली. इराणने सशस्त्र गटांना बळ पुरवले. भारतही अलिप्त नाही. ४२,००० भारतीय कामगार इस्रायलला पाठवण्याचे २०२३ साली ठरले. ऑक्टोबरनंतर पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात भरतीच्या चाचण्या झाल्या. दोष पोटासाठी जाणाऱ्या गवंड्याचा नाही. एका मजुराची रिकामी केलेली जागा दुसऱ्या मजुराकडून भरून घेणाऱ्या धोरणाचा आहे.

१९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६७ पासूनचा कब्जा बेकायदा असल्याचे मत दिले आणि तो टिकवण्यास कोणत्याही राष्ट्राने साह्य करू नये, असेही बजावले. दोन महिन्यांनी त्यावर आधारलेल्या ठरावावर मतदान झाले तेव्हा भारत तटस्थ राहिला. १९४७ साली नवस्वतंत्र, दरिद्री भारताला जे धैर्य झाले, ते बलाढ्य म्हणवणाऱ्या भारताला का होऊ नये?

परक्यांनी तिथली जमीन वाटून देऊ नये, हे खरेच. पण बळजबरीला रसद पुरवून वर तटस्थतेचा टिळाही लावू नये. दोन्ही जनतांना समान हक्काने एकत्र बसता यावे, म्हणून शस्त्रांचा पुरवठा थांबवणे आणि कायद्याच्या बाजूने हात वर करणे, एवढाच हस्तक्षेप न्याय्य आहे. कसणाऱ्याचा हक्क भाईंदरला मानायचा आणि गाझात विसरायचा, याला समाजवाद म्हणत नाहीत.