साखळी बोलते, आपण ऐकावे

बैलगाडी जुंपण्याआधी आसाला वंगण आहे की नाही, हे आपले वाडवडील न चुकता पाहत. सायकलीला मात्र ती अडून बसेपर्यंत आपण हात लावीत नाही. मग तेरखेड्याच्या शाळेला निघालेली एखादी मुलगी सायकल ढकलीत येते आणि तिचा पहिला तास बुडतो.

साखळीचंच पाहा. साखळी ‘ताणली’ असं आपण म्हणतो. पण लोखंड काही ताणत नाही. कडीकडीतली पिन झिजते, भोक मोठं होतं आणि साखळी लांबते. बालाघाटावरची धूळ तेलात कालवली गेली, की तिची कानसच होते. म्हणून तेलावर तेल ओतू नये. आधी फडक्याने साखळी पुसावी, कडीकडीवर एकेक थेंब सोडावा, पॅडल उलटे फिरवावे आणि वर राहिलेले तेल पुसून टाकावे. इंजिनातले जळके तेल नको. त्यात लोखंडाचा कीस असतो.

आता शिक्षकबंधूंसाठी. वर्गातली फूटपट्टी घ्या, साखळी ताठ धरा आणि एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या साखळीच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. पुढे अर्धा सूत वाढल्या, तर साखळी बदला. एक सूत वाढू दिल्या, तर मागच्या फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले सापडतील. त्यावर नवी साखळी घातली तरी ती उडी मारते, पाय निसटतो आणि चढावर माणूस पडतो. एका वस्तूचा खर्च टाळायला गेलो, नि दोन वस्तू घ्याव्या लागल्या!

आणखी दोन गोष्टी. पॅडल मारताना ‘खट्’ वाजले, तर कॉटर ढिली आहे; त्याच दिवशी ठोकून नट आवळून घ्या, नाहीतर ती आस खाते. ब्रेकचे रबर संपून लोखंड रिमला लागू देऊ नका. रबर थोडक्यात मिळते. रिम महाग पडते.

शनिवारी शाळा सुटताना दहा मिनिटे काढा. एक फडके, तेलाची कुपी आणि फूटपट्टी एवढे पुरे. मुलामुलींनी आपापली सायकल आपणच तपासावी. सोमवारी पहिल्या तासाला सगळी हजर दिसली, की ती दहा मिनिटे वसूल झाली म्हणायची.