नवस: बोललेला आणि फेडलेला

नमस्कार, श्रोतेहो. आत्ता मी नमस्कार म्हटलं ना, त्यातल्याच 'नमस्'मधून आपला 'नवस' आला आहे. संस्कृतात नमस्या म्हणजे वंदन. प्राकृतातून मराठीत उतरताना दोन स्वरांमधला 'म' पुष्कळदा 'व' होतो. ग्रामाचं गाव झालं, नामाचं नाव झालं, कुमाराचा कुंवर झाला. तसाच हा नवस. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने 'देशीनाममाला' या कोशात 'णवसिअ' हा शब्द नोंदवला आहे आणि त्याचा अर्थ दिला आहे 'उपयाचितक', म्हणजे मागणं मागताना देवाला कबूल केलेली वस्तू. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच वंदनाचा हा शब्द देण्याघेण्याकडे वळला होता. गोव्यात नवसाला आंगवण म्हणतात. आणि निवडणुकीत आपण ज्याला व्होट म्हणतो, तो शब्दही लॅटिनमधल्या नवसाच्या शब्दातून, 'वोटुम'मधून आलेला आहे.

मी राहतो कात्रजला. पौष महिन्यात मांढरदेवीच्या काळूबाईला जाणाऱ्या गाड्या आमच्या चौकातून सातारा रस्त्याला लागतात. टेंपोच्या टपाला झेंडा, आत बायकांच्या मांडीवर फडक्याने झाकलेली पुरणपोळीची पाटी, एखादीच्या कडेवर नवसाचं मूल. कुठे निघालात म्हणून विचारावं, तर उत्तर येतं, "नवस फेडायला."

ही क्रियापदं मला फार मोलाची वाटतात. नवस बोलायचा असतो. नुसता मनात आणून भागत नाही, देवापुढे शब्द उच्चारावा लागतो. आणि बोललेला नवस फेडायचा असतो. आपण फेडतो काय? कर्ज, ऋण, आईबापांचे पांग. देव मात्र नवसाला पावतो. पावणं म्हणजे मुळात येऊन पोचणं. हाक मारली आणि तो आला, एवढाच त्याचा वाटा. पुढचं सगळं बोलणाऱ्याच्या अंगावर.

१६६३ साली लाल महालातल्या छाप्यानंतर मराठ्यांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना आमच्या घाटाकडे भुलवलं, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून कात्रजचा घाट दाखवणं म्हणजे हातावर तुरी देणं. माणसं एकमेकांना तो घाट दाखवतात, पण नवस बोललेली म्हातारी देवाला दाखवत नाही. पोरगा नोकरीला लागला की ती गुडघे दुखत असतानाही गड चढते. त्या शब्दपाळणुकीपुढे मी मान लववतो.

पण नवसाचा भार कुणावर टाकला, हे पाहावंच लागतं. एकनाथांच्या भारुडातली सून भवानीला रोडगा कबूल करते आणि त्याच्या बदल्यात सासरची माणसं दूर व्हावीत असं मागते. नवसानेच मुलं होत असती तर नवरा कशाला हवा, असा रोकडा सवाल तुकोबांनी केला. संतांचा राग देवावर नव्हता, या सौद्यावर होता. आणि नवस फेडायला जाणं कधी जिवावरही बेततं. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत, मांढरदेवीच्या गडावर चेंगराचेंगरी आणि आग होऊन शेकडो भाविक गेले. त्यांत नवस फेडायला आलेले किती तरी असतील. तेव्हापासून पौषात चौकातून गाडी गेली, की ती सुखरूप परत यावी असं मनात येतंच.

सगळ्यांत जड नवस जेजुरीच्या खंडोबाला बोलले गेले. मूल जगलं तर पहिली मुलगी देवाला वाहीन, असा नवस आईबाप बोलत आणि ती मुलगी मुरळी होई. तिचं लग्न देवाशी लागे, संसार तिला मिळत नसे. नवस बोलणारं तोंड एकाचं आणि फेडणारा जन्म दुसऱ्याचा. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी याविरुद्ध मोहीम उघडली. १९०८ मध्ये सुरू केलेल्या 'सोमवंशीय मित्र' या मासिकातून त्यांनी मुरळ्यांनाच हे जिणं सोडण्याची हाक दिली. त्या हाकेला शिवूबाई नावाच्या एका मुरळीने पत्र लिहून उत्तर दिलं, आणि कांबळ्यांनी ते आपल्या मासिकात छापलं. पुढे तिचं लग्न झालं, या वेळी एका माणसाशी.