पातेले नव्हे, ताट मोजूया

(यवतमाळ येथे ग्रामीण भागात सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



'जेवण झालं का?' हा आपल्याकडे क्षेमकुशल विचारण्याचा प्रश्न आहे आणि 'हो, झालं' हे त्याचे ठरलेले उत्तर आहे. चूल पेटलेली नसली तरी दारी आलेल्या माणसाला तसे सांगायचे नसते, ही आपल्या घरांची रीत. परंतु या जिल्ह्यातील माणूस प्रत्यक्षात काय खातो, किती खातो आणि त्यातून त्याच्या शरीराला काय मिळते, हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याचे या शिष्टाचाराच्या उत्तरावर भागत नाही. त्यासाठी आहारशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत काही पद्धती घडवल्या आहेत. त्या कार्यकर्त्यांनी समजून घ्याव्यात, एवढ्यासाठी आज मी आपल्यासमोर उभा आहे.

यवतमाळला हा विषय अधिकच लागू पडतो. हा कापसाचा जिल्हा. अलीकडच्या काही दशकांत सोयाबीन आले आणि ज्वारीचे क्षेत्र आक्रसत गेले. शेतात पिकते ते बाजारात जाते आणि ताटात येते ते दुकानातून वा शिधावाटप केंद्रातून येते. अन्न पिकवणारा शेतकरी अन्न विकत घेणारा झाला, की 'यंदा पीक चांगले आले' या वाक्यावरून 'घरात सगळे पोटभर जेवले' असा निष्कर्ष काढता येत नाही. तो मोजूनच काढावा लागतो.

देश, घर आणि माणूस

अन्न तीन ठिकाणी मोजता येते. पहिले ठिकाण देश. वर्षाचे एकूण उत्पादन घ्यायचे, त्यात आयात मिळवायची, निर्यात, बियाणे, पशुखाद्य आणि नासाडी वजा करायची आणि उरलेल्याला लोकसंख्येने भागायचे. यातून देशात धान्य पुरेसे उपलब्ध आहे की नाही, एवढे कळते. ते कोणाच्या पोटात गेले, हे कळत नाही.

दुसरे ठिकाण घर. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले. निवडक कुटुंबांकडे जाऊन ठराविक काळात कोणत्या वस्तू किती वापरल्या, हे विचारले जाते. विकत घेतलेले, घरच्या शेतातले आणि फुकट मिळालेले असे सर्व नोंदले जाते. २०२२-२३ च्या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात माणशी दररोज सरासरी सुमारे २२३३ किलोकॅलरी ऊर्जेचे अन्न वापरले गेले.

या माहितीतून धोरणाचा केवढा मोठा विचार उभा राहू शकतो, हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. माणशी दररोज २२५० कॅलरी मिळण्यास किती खर्च लागतो, असा प्रश्न त्यांनी घेतला. १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, असे उत्तर आले. सुमारे ४० टक्के ग्रामीण आणि ५० टक्के शहरी जनता या रेषेखाली असल्याचे त्यांनी मांडले. देशातील दारिद्र्याच्या चर्चेला त्यांनी अन्नाचे माप दिले.

त्यांच्या मापाला आव्हान देणारा विद्वानही महाराष्ट्राचाच होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे. १९५१ पासून सुमारे दोन दशके संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी संख्याशास्त्राचे काम पाहिले आणि नंतर पुण्यास परतले. त्यांचे म्हणणे असे होते, की एकाच निरोगी माणसाचे खाणे आणि त्याची गरज दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते. शरीर काही मर्यादेपर्यंत स्वतःला जुळवून घेते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरवणे शास्त्रशुद्ध नाही. दूषित पाणी आणि आतड्यांचे संसर्ग यांमुळे खाल्लेले अंगी लागत नाही, याकडेही त्यांनी आग्रहाने लक्ष वेधले. या भूमिकेमुळे भुकेचे गांभीर्य कमी लेखले जाईल, अशी टीका दांडेकरांनी केली. दोघेही व्यासंगी आणि दोघांचीही तळमळ गरिबांसाठीच. कार्यकर्त्याने दोघांकडूनही शिकावे. मापाशिवाय धोरण नाही, हे दांडेकरांकडून घ्यावे. एका दिवसाच्या मापावरून एका माणसाचा निवाडा करू नये, हे सुखात्म्यांकडून घ्यावे.

वाटीचा हिशेब

तिसरे ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष माणूस. येथे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे कार्य मोलाचे आहे. १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांच्या एका लहानशा चौकशी केंद्राच्या रूपाने ती सुरू झाली. या संस्थेच्या अंतर्गत १९७२ मध्ये राष्ट्रीय पोषण निरीक्षण केंद्र स्थापन झाले. महाराष्ट्रासह दहा राज्यांत त्याने चार दशके घरोघरी आहार मोजला. २०१५ मध्ये ते बंद झाले. पुढे २०२२ मध्ये त्याच संस्थेने आहार आणि रक्तातील पोषणदर्शक घटक यांचे देशव्यापी सर्वेक्षण हाती घेतले.

त्यांची मुख्य पद्धत म्हणजे 'चोवीस तासांचे स्मरण'. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय खाल्ले, हे क्रमाने विचारायचे. केवळ 'काय' विचारून भागत नाही, म्हणून सर्वेक्षक सोबत प्रमाणित वाट्यांचा संच नेतो. घरात किती कच्ची डाळ शिजवली, शिजल्यावर एकूण किती वाट्या वरण झाले आणि प्रत्येकाच्या ताटात किती वाट्या पडल्या, हे तो नोंदतो. मग साध्या त्रैराशिकाने प्रत्येकाच्या वाट्याला किती कच्ची डाळ आली, हे निघते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, शेतकरी, त्याची पत्नी, म्हातारी आई, दहा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी असे पाच जणांचे घर आहे. दिवसभरात दीडशे ग्रॅम तुरीची डाळ शिजली आणि बारा वाट्या वरण झाले. माणशी तीस ग्रॅम अशी सरासरी निघाली. कागदावर घर ठीक दिसते.

आता संशोधक यापुढे एक पाऊल टाकतात. सगळ्यांची गरज सारखी नसते, म्हणून ते 'उपभोग एकक' वापरतात. बैठे काम करणारा प्रौढ पुरुष म्हणजे एक एकक. त्या प्रमाणात कष्टाचे काम करणारा पुरुष १.६, कष्टाचे काम करणारी स्त्री १.२, घरात बसून असणारी आजी ०.८, मुलगा ०.८ आणि मुलगी ०.६. बेरीज बरोबर पाच. हे परिमाण ऊर्जेच्या गरजेवर आधारलेले आहे, तरी ढोबळ वाटणीसाठी ते चालते. त्यानुसार शेतात राबणाऱ्या त्या गृहिणीच्या वाट्याला छत्तीस ग्रॅम डाळ यायला हवी.

प्रत्यक्षात वाट्या मोजल्या. शेतकऱ्याने चार घेतल्या, मुलाने तीन, मुलीने दोन, आजीने दोन आणि सर्वांचे झाल्यावर बसलेल्या गृहिणीच्या ताटात एक उरली. म्हणजे साडेबारा ग्रॅम डाळ. हक्काच्या जेमतेम एक तृतीयांश. घराची सरासरी तीस, हिशेबाचा वाटा छत्तीस आणि ताटात साडेबारा! पातेले मोजणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. आपण जिला घरची अन्नपूर्णा म्हणतो, ती शेवटी जेवते आणि सरासरीच्या आड झाकली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एकाचा शोध या शेवटच्या ताटापाशी घ्यावा लागतो.

पोट भरणे आणि पोषण होणे

किती खाल्ले हे कळले, तरी त्यात काय होते हे उरतेच. त्यासाठी अन्नघटकांचे तक्ते असतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत देशभरातून नमुने गोळा करून ५२८ अन्नपदार्थांचे पृथक्करण दिले आहे. त्यानुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि ४ मिलिग्रॅम लोह असते; पॉलिश केलेल्या तांदळात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने, पण लोह एक मिलिग्रॅमहूनही कमी. पोट दोहोंनी भरते. भाकरीची जागा भाताने घेतली, तर ताटातून काय निघून गेले, हे तक्ताच सांगतो.

मात्र ज्वारीचे भाबडे गुणगानही नको. दख्खनच्या पठारावर जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा हा रोग आढळत असे. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास करून ज्वारीतील ल्युसीन या घटकाकडे बोट दाखवले. कोणतेही एकच धान्य माणसाला तारत नाही. भाकरीला वरणाची, पालेभाजीची, जवसाच्या चटणीची, दुधाची जोड लागते. म्हणूनच संशोधक आता आहारातील विविधताही मोजतात. दहा अन्नगटांपैकी किमान पाच गटांतले काही ना काही स्त्रीने काल खाल्ले का, हा त्याचा सोपा निकष आहे. त्यासाठी वजनकाट्याची गरज पडत नाही. लहान बालकांसाठी असाच निकष लावला, तेव्हा २०१९-२१ मध्ये देशातील ६ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी केवळ ११.३ टक्के बालकांना पुरेसा आहार मिळत असल्याचे दिसले.

मोजणाऱ्याने घ्यावयाची काळजी

प्रत्येक पद्धतीला मर्यादा आहेत. माणूस विसरतो, संकोचतो, समोरच्याला बरे वाटेल ते सांगतो. सणाच्या किंवा उपवासाच्या दिवसावरून रोजचा आहार ठरवता येत नाही. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी घरात भाजी असते. बाजाराच्या आदल्या दिवशी नसते. कापूस विकल्यानंतरचे ताट आणि पेरणीनंतर हातात पैसा नसतानाचे ताट वेगळे असते. म्हणून वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा जावे लागते.

आणखी एक गोष्ट. केळापूर, झरी-जामणी, घाटंजी या भागांतील कोलाम पोडांवर गेलात, तर तरोटा, चिवळ, बांबूचे वास्ते, मोहफुले यांची नावे ऐकायला मिळतील. शहरात तयार झालेल्या प्रश्नावलीत ती सहसा नसतात. यादीत नाव नसले, की ते अन्न खाल्लेच नाही असे गृहीत धरले जाते आणि पोषणाबरोबर त्या समाजाचे ज्ञानही हिशेबातून गळते. प्रश्नावली पोडावरच्या जाणत्या स्त्रीला आधी दाखवा आणि तिच्याकडून दुरुस्त करून घ्या.

नीट मोजमाप झाले, की उपायही नेमका सुचतो. घरी नेलेला शिधा घरात वाटला जातो, हे ओळखून राज्यात २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. आदिवासी क्षेत्रातील गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतच एक वेळचे चौरस ताजे जेवण देण्याची तिची कल्पना आहे. ताट आईसमोरच वाढले जाते, हे या योजनेचे मर्म. आपल्या जिल्ह्यातील ज्या गावांना ती लागू आहे, तेथे ते ताट रोज वाढले जाते का, त्यात डाळ आणि पालेभाजी असते का, हे पाहणे कोणत्याही कार्यकर्त्याला शक्य आहे.

आपापल्या गावी परतल्यावर एवढेच करा. दहा घरे निवडा. वही, वाटी आणि वजनकाटा घ्या. अंगणवाडी सेविकेला सोबत घ्या. भगिनींनी स्वयंपाकघरापर्यंत जावे, कारण हे उत्तर ओसरीवर मिळत नाही. पुरुषासमोर गृहिणीला विचारू नका. ती 'पोटभर जेवले' असेच सांगेल. आपण तपासनीस आहोत, असे कोणालाही वाटू देऊ नका. दोन वेगवेगळ्या दिवशी जा आणि तीन महिन्यांनी पुन्हा जा. नोंदीत घरातल्या प्रत्येकासाठी वेगळी ओळ ठेवा आणि गृहिणीची ओळ सर्वांत आधी लिहा.

आणि आपल्या स्वतःच्या घरात तर कोणत्याही सर्वेक्षणाची वाट पाहण्याचे कारण नाही. आज रात्री सगळ्यांची ताटे एकदमच वाढायला सांगा, आणि वाढणारीचेही त्यांत असू द्या.